हीट पंपाचं बिल कोणाच्या मीटरवर?

प्रश्न: सुदामा नगरात आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही पाच जण, वर धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं. चुली वेगळ्या, मीटरही वेगळी. दोन्हीकडचे गीझर जुने झालेत, म्हणून दोघांत मिळून गच्चीवर पाणी तापवायचा 200 लिटरचा हीट पंप बसवतोय. जर्मनीतला भाचा म्हणतो, त्याला वेगळं मीटर घ्या. हिवाळ्यात आमचं बिल महिन्याला 310 युनिटांचं येतं, वरचं 200 चं. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, भाचा तिथलं बरोबर सांगतोय. जर्मनीत 2024 पासून 4.2 किलोवॉटहून मोठ्या नव्या हीट पंपाला वेगळं मीटर असलं, तर वीजवहनाच्या युनिटदरात 60 टक्के सूट घेता येते. बदल्यात, तारांवर ताण आला की कंपनी पंपाची वीज थोडा वेळ कमी करू शकते. तिथे त्या मीटरमागे वेगळा दर आहे. आपल्याकडे घरातल्या हीट पंपाला तसा दर नाही. तिसरं मीटर घेतलं तर उन्हाळ्यात पंप जवळजवळ बंद असतानाही त्याचा स्थिर आकार भरत बसाल.

खरा प्रश्न, पंप तुमच्या दोन मीटरांपैकी कोणत्या मीटरवर टाकायचा, हा आहे आणि इथे नीट हिशेब करा. 200 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला गीझर रोज सात युनिट खातो, महिन्याला 210. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो. थंडीतली सकाळ धरूनही त्याचे रोज अडीच, म्हणजे महिन्याचे 75 होतील. गीझरच्या 210 मधले 120 तुमचे आणि 90 वरचे धरू. गीझर निघाले की तुम्ही 190 वर आणि जाऊबाई 110 वर येतील.

आता पंप वर जोडला तर त्यांचे 185 होतात. खाली जोडला तर तुमचे 265 होतात, म्हणजे 300 नंतरच्या महाग टप्प्याच्या आतच, आणि वरचं मीटर 110 वर राहतं. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला 150 युनिटांपर्यंतच्या घराला पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. ती सवलत त्यांना मिळू द्या. पंप तुमच्याच मीटरवर घ्या.

मग वाटणी कशी? पंपाच्या लायनीवर स्वतंत्र एमसीबी आणि आयएसआय शिक्क्याचं सबमीटर बसवून घ्या, दर एक तारखेला दोघींनी मिळून आकडा वाचा. तुमच्या बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट, हा त्या महिन्याचा भाव. पंपाचे युनिट माणशी, पाचास चार. हे पंप यायच्या आधी वहीत लिहून ठेवा. इतक्याशा हिशेबावरून सख्ख्या भावांनी जिन्यात भिंत घातलेली मी बघितली आहे, म्हणून एवढं आग्रहाने सांगतो.

पंपात मदतीला, गीझरसारखी थेट विजेवर पाणी तापवणारी एक कॉइलही असते. दोन्ही मिळून तीन किलोवॉटपर्यंत लोड जाऊ शकतो, तेव्हा बिलावरचा स्वीकृत भार आधी तपासा आणि गच्चीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तार ओढा. जानेवारीत सबमीटर रोज अडीचऐवजी पाच-सहा युनिट दाखवू लागलं, तर पंप थांबलाय आणि कॉइलच पाणी तापवतेय असं समजून मेकॅनिकला त्याच दिवशी बोलवा.