'अधिकारक्षेत्र' या शब्दाला मराठीत कोणते पर्याय आहेत?

एखाद्याचा अधिकार जिथवर चालतो त्यासाठी, तसेच तो ज्या विषयात जाणकार आहे त्यासाठी, 'क्षेत्र' सोडून दुसरे शब्द कोणते, असे आपण विचारले आहे. सोबत सत्कारपत्रातील वाक्यही दिले आहे : 'सरांचे क्षेत्र कीटकशास्त्र असून जिल्ह्यातील कीड सर्वेक्षणही त्यांच्या क्षेत्रात येते.' कार्यालयीन मसुद्यांची मराठी तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या वाक्यात नेमके काय खटकते हे मला ओळखीचे आहे. पहिले क्षेत्र सरांनी कमावलेले आहे, दुसरे त्यांना नेमून दिलेले आहे, आणि मराठीत या दोहोंचे शब्द सहसा वेगळे असतात.

नेमून दिलेल्या अधिकारासाठी सर्वांत रुळलेला शब्द 'अखत्यार'. तो अरबी 'इख्तियार'वरून आला. 'मुखत्यार' आणि 'कुलमुखत्यारपत्र' ही त्याचीच भावंडे. हा शब्द एकटा क्वचितच भेटतो, बहुधा 'अखत्यारीत' किंवा 'अखत्यारीबाहेर' अशा रूपांतच येतो. माझ्या स्वतःच्या एका अर्जाला एकदा एवढेच उत्तर आले होते : 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' मग ती कोणाच्या अखत्यारीत येते, याबद्दल एक अक्षर नव्हते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज असता, तर कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा लागला असता. माझा अर्ज साधा होता, म्हणून तो तसाच परत आला.

'हद्द' हा शब्द जमिनीला चिकटलेला आहे. पोलीस ठाण्याची हद्द असते, ग्रामपंचायतीची असते. प्राध्यापकाची हद्द म्हटले की लगेच भांडणाचा वास येतो. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी तक्रार घ्यावी लागते, ती 'शून्य क्रमांकाने' नोंदवून संबंधित ठाण्याकडे 'वर्ग' केली जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद स्पष्टपणे आली आहे. महसूल आणि वन खात्यांनी तर जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला वेगळे नाव दिले आहे : तलाठ्याचा सज्जा (कागदोपत्री साझा), त्यावर मंडळ, वनरक्षकाचे नियतक्षेत्र, त्यावर परिमंडळ आणि परिक्षेत्र. हे शब्द त्या त्या पदापुरतेच चालतात, इतरांना लावू नयेत.

न्यायालयाच्या संदर्भात कायद्याच्या मराठीत 'अधिकारिता' लिहितात, आणि मला तो 'अधिकारक्षेत्रा'पेक्षा नेमका वाटतो, कारण न्यायालयाची मर्यादा नेहमी नकाशावर दाखवता येत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ज्या तक्रारी जातात, त्यांत वस्तू किंवा सेवेपोटी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असावी लागते. येथे सीमा रुपयांची आहे. 'कक्षा' मात्र व्यक्तीपेक्षा कायद्याला आणि कराला शोभते : अमुक वस्तू कराच्या कक्षेत आली, तमुक संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर राहिली.

'मक्तेदारी' आणि 'जहागीर' हेही पर्याय म्हणून सुचवले जातात, पण दोन्हींत टोमणा आहे. सत्कारपत्रात तर ते मुळीच नकोत.

आता कमावलेल्या अधिकाराकडे वळू. येथे मराठी माणूस सीमा आखण्याऐवजी हाताचे आणि चालीचे शब्द काढतो. एखाद्या कामात कोणाचा हातखंडा असतो, शिकवण्याची हातोटी असते, विषयावर पकड असते, गणितात गती असते. 'व्यासंग' त्याहून भारदस्त. त्यात वर्षानुवर्षांचे वाचन गृहीत आहे, म्हणून नुकत्याच पदवी मिळवलेल्याला तो लावू नये. (जाताजाता, 'तज्ज्ञ' हा शब्द तत् आणि ज्ञ मिळून झाला आहे, त्यामुळे त्यात ज् हवा, 'तज्ञ' छापलेली पत्रिका मी आजवर अनेकदा दुरुस्त केली आहे.)

दोन्ही बाजूंना चालणारे शब्द मला दोनच ठळकपणे दिसतात. एक 'प्रांत'. प्रांत अधिकाऱ्याला तालुक्याच्या गावी नुसते 'प्रांत' म्हणतात, आणि तोच शब्द 'कविता हा माझा प्रांत नव्हे' असे नम्रपणे सांगतानाही उपयोगी पडतो. दुसरा खुद्द 'अधिकार', आणि त्याची गंमत प्रत्ययात आहे. 'संगीतातला त्यांचा अधिकार' म्हटले की विद्वत्ता कळते. 'संगीत विभागावरचा त्यांचा अधिकार' म्हटले की रजेच्या अर्जावर सही कोणाची लागते ते कळते. अधिकारवाणीने बोलणारा माणूस पहिल्या अर्थाचा असावा अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात बैठकीत बहुधा दुसऱ्या अर्थाचाच बोलत असतो.

आपले वाक्य मी असे लिहीन : 'कीटकशास्त्र हा सरांच्या व्यासंगाचा विषय असून जिल्ह्यातील कीड सर्वेक्षणाचे कामही त्यांच्याच अखत्यारीत आहे.' सर्वेक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आदेशाने आलेली नसेल आणि लोक केवळ विश्वासाने त्यांच्याकडे येत असतील, तर 'अखत्यारीत' काढून 'सर्वेक्षणाच्या कामात त्यांचा शब्द प्रमाण मानला जातो' असे लिहावे.