लिबर्टेरियनला ‘उदारमतवादी’ म्हणावं का?

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीची अडचण अशी: अमेरिकेच्या राजकारणावरच्या लेखात ‘लिबर्टेरियन’ (म्हणजे सरकारचा हात सगळीकडे कमीत कमी असावा असं मानणारा) आला, तिने ‘उदारमतवादी’ लिहिलं. पुढे ‘लिबरल’ आला, तिथेही ‘उदारमतवादी’च. लेखात हे दोघे एकमेकांशी भांडतात, त्यामुळे सगळाच गोंधळ. शिवाय ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे पुरोगामी, तर मग लिबर्टेरियन माणूस प्रतिगामी ठरतो का?

पहिलं उत्तर सरळ आहे. उदारमतवादी लिहू नये. १९९१पासून आपण ‘उदारीकरण’ म्हणतो ते परवाने आणि सरकारी नियंत्रणं सैल करण्याला. अमेरिकेत मात्र रूझवेल्टच्या ‘न्यू डील’पासून लिबरल म्हणजे बेकारी, म्हातारपण यांची जबाबदारी सरकारने उचलावी असं मानणारा. म्हणजे आपल्या उदारीकरणाची बाजू घेणारा तिथे लिबर्टेरियन, आणि आपण ज्याला उदारमतवादी लिहितो तो बहुतेक वेळा त्याचा विरोधक. १९५५ साली डीन रसेल या मुक्त बाजारवादी लेखकाने सुचवलंच होतं की ‘लिबरल’ शब्द आपल्या हातून गेला, आता ‘लिबर्टेरियन’ घेऊ या.

पण हा शब्द त्याआधी डाव्यांचा होता, आणि मला ही हकिकत फार मोलाची वाटते. १८५७ साली जोसेफ देजाक या फ्रेंच अराजकवाद्याने (म्हणजे सरकारच नको म्हणणाऱ्याने) प्रुधाँ या फ्रेंच विचारवंताला पत्र लिहिलं. प्रुधाँ मालमत्तेवर कडाडून टीका करायचा, पण बाईला पुरुषाच्या बरोबरीचं मानायला तयार नव्हता. देजाकने त्याला सुनावलं की तू लिबरल आहेस, ‘लिबेर्तेर’ (लिबर्टेरियनचं फ्रेंच रूप) नाहीस. स्त्रीपुरुष समतेच्या भांडणात, ‘लिबरल’पासून वेगळं होण्यासाठीच, हा शब्द राजकारणात आला. दोन्हींना एकच मराठी प्रतिशब्द दिला की हे सगळं पुसलं जातं.

मग काय लिहावं? ‘स्वेच्छावादी’ मला पटत नाही, त्याला स्वैरपणाचा वास येतो. ‘स्वातंत्र्यवादी’ म्हटलं की वेगळा देश मागणारे स्कॉटलंड, कॅटलोनियातले लोक डोळ्यांपुढे येतात. उरतो ‘व्यक्तिस्वातंत्र्यवादी’. लांब आहे, पण अर्थाला धरून आहे. र. धों. कर्वेही व्यक्तिस्वातंत्र्यवादीच होते, त्यांना कोणी लिबर्टेरियन म्हणत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून पहिल्या उल्लेखाशी एक वाक्य जोडावं: सरकारने माणसाच्या खासगी आयुष्यात आणि खिशात कमीत कमी हात घालावा असं मानणारे. मथळ्यात सरळ ‘लिबर्टेरियन’ लिहिलं तरी चालेल.

आता पुरोगामी. पुरस् म्हणजे पुढे. ‘पुरोहित’ आणि ‘पुरस्कार’मध्येही तोच. हा शब्द दिशा सांगतो. सत्ता कोणाच्या हाती असावी हे तो सांगत नाही, आणि लिबर्टेरियनचा सगळा भर तर त्यावरच. त्यामुळे हे शब्द विरुद्धार्थी होऊच शकत नाहीत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात मरे रॉथबार्ड हा कट्टर मुक्त बाजारवादी सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध नवडाव्यांच्या, म्हणजे त्या काळच्या तरुण डाव्या चळवळीच्या, बाजूने उभा होता. गांजावरची बंदी, पोलिसांचे अधिकार, समलिंगी विवाह यांवर आजही लिबर्टेरियन आणि पुरोगामी यांचं बरंच जुळतं.

फाटतं ते ‘राजीखुशी’वर. आपल्या दस्तऐवजांत ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असं लिहितात ना, तीच राजीखुशी. कामगाराने कमी पगारावर सही केली तर ती राजीखुशीची सही, असं लिबर्टेरियन म्हणतो. घरात चूल पेटत नसताना केलेल्या सहीत कसली राजीखुशी, असं पुरोगामी विचारतो. एकाला जबरदस्ती प्रामुख्याने सरकारची दिसते, दुसऱ्याला मालकाची आणि गरिबीचीही. किमान वेतन, कर, सरकारी आरोग्य विमा यांवरच्या भांडणाची मुळं बरीचशी इथे आहेत. या प्रश्नात माझं मन पुरोगाम्यांकडे झुकतं.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर शरद जोशींना आठवा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणारी त्यांची शेतकरी संघटना शेतमालावरची सरकारी बंधनं उठवा म्हणून लढली, आणि त्याच संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. पुढे संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या, त्याही कायद्याच्या सक्तीने नव्हे, राजीखुशीने. जोशींबद्दल लिहिताना मी ‘व्यक्तिस्वातंत्र्यवादी’ लिहीन, आणि चांदवडबद्दलच्या वाक्यात ‘पुरोगामी’ही.