डिश रूममधलं काम आणि आईचा फोन

प्रश्न: ताई, मी सांगलीची. ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेत आले, मिडवेस्टमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत. एज्युकेशन लोन आहे आणि घर तारण ठेवलंय त्यामुळे पहिल्या दिवसापासून कॅम्पसवर काम शोधत होते, आता डायनिंग हॉलमध्ये मिळालंय, आठवड्याला १५ तास, तासाला १२ डॉलर, पण सुरुवातीला डिश रूममध्ये टाकणार म्हणाले. आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली, "लोकांची उष्टी भांडी घासायला पाठवलं का तुला एवढ्या लांब?" बाबा तर फोनवर आलेच नाहीत. लायब्ररीत काम लागलंय असं खोटंच सांगून टाकू का? शिवाय रूममेट म्हणते की गावात एका देशी ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशवर काम आहे, तास कोणी मोजत नाही, तिकडेच चल. काय करू?

उत्तर: आधी ते स्टोअरचं बोलू कारण त्यात खरा धोका आहे, भांड्यांत काही धोका नाही. तू एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करायला परवानगी आहे आणि तेही कॅम्पसवरच, सुट्टीत फुलटाइम चालतं. बाहेरचं काम परवानगीशिवाय केलं की स्टेटस, म्हणजे तिथे विद्यार्थी म्हणून राहायचा कायदेशीर हक्क, मोडलं, मग पैसे रोख मिळोत की बँकेत, एक तास केलेलं असो की शंभर. अशा कामामुळे स्टेटस गेलं तर ते परत मिळण्याचा रस्ता जवळपास बंद असतो, आणि पुढे ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याच्या वेळी परवानगीशिवाय काम केलंय का हा प्रश्न लेखी विचारतात तेव्हा तुला एक तर कबूल करावं लागेल नाहीतर खोटं लिहावं लागेल. दुसऱ्याच्या अकाउंटवर जेवणाची डिलिव्हरी करणं हेही यातच आलं, बरीच मुलं करतात म्हणून ते चालतं असं नाही. आणि कॅशवाल्या मालकाने पैसे बुडवले, ठरल्यापेक्षा कमी दिले, रात्री २ पर्यंत थांबवलं तर तू तक्रार कुणाकडे करणार गं? तुझं तोंड बंद राहणार हे त्याला चांगलं माहितीये, म्हणूनच त्याला एफ-१ वालीच पोर हवी असते. तुझं घर तारण आहे म्हणतेस ना, मग त्या घराची शपथ, तिकडे जाऊ नकोस.

आता डिश रूम. मी स्वतः २००७ ते २००९ एका युनिव्हर्सिटीच्या डायनिंग हॉलमध्ये काम केलंय, पहिले ३ महिने डिश रूममध्येच, त्यामुळे पाहिलेलं सांगते. तिथे आपल्या मोरीसारखं उकिडवं बसून घासायचं नसतं. पट्ट्यावरून ट्रे येतात, उरलेलं खरडून टाकायचं, पाण्याचा फवारा मारायचा, रॅकमध्ये लावायचं, पुढचं मशीन करतं. पण वाफ खूप, उभं राहून पाय भरून येतात, रविवारच्या ब्रंचला तर श्वास घ्यायला फुरसत नसते. न घसरणारे बूट पहिल्या पगाराची वाट न बघता आधीच घे, ओल्या फरशीवर साधे स्पोर्ट्स शूज घालून माझ्या बरोबरीचा एक मुलगा पडला आणि मनगट मोडून बसला होता.

तू काय खातेस माहीत नाही पण हे नोकरीच्या आधी विचारून घे, किचनमध्ये गेलीस की बीफ आणि पोर्क हाताळायला लागू शकतं. चालत नसेल तर सुपरवायझरला पहिल्याच दिवशी सरळ सांग, सॅलड बार, बेकरी, कॅश काउंटर, दारात कार्ड स्वाइप करणं अशी कामं असतात आणि तिथले लोक हे ऐकून नाक मुरडत नाहीत, त्यांना अशी मुलं दरवर्षी भेटतात. न सांगता मनात कुढत काम करू नकोस.

पैशाचं स्पष्ट बोलते. १५ तास गुणिले १२ म्हणजे आठवड्याचे १८०, चार आठवड्यांचे ७२० डॉलर, त्यातून थोडा टॅक्स जाईल. शेअरिंगमधलं भाडं, किराणा, फोन एवढं बऱ्याच गावांत निघतं, ट्यूशन फी निघत नाही आणि लोनही फिटत नाही. हे आत्ताच घरी सांगून ठेव, नाहीतर बाबा मनात हिशोब मांडत बसतील की पोरगी कमावतेय म्हणजे हप्त्याला हातभार लागेल. आणि शिफ्टला एक जेवण फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळतं का ते विचार, बहुतेक ठिकाणी मिळतं, माझ्या त्या २ वर्षांत त्या जेवणानेच सगळ्यात जास्त पैसे वाचवले.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑफर लेटर हातात आलं की इंटरनॅशनल ऑफिसकडून पत्र घे, ती दोन्ही पत्रं, पासपोर्ट, आय-२० (युनिव्हर्सिटीने दिलेला प्रवेशाचा फॉर्म) आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटी ऑफिसात नंबरसाठी अर्ज कर, पगारासाठी आणि टॅक्ससाठी तो लागतो. कामावर रुजू होताना आय-९, म्हणजे तुला काम करायची परवानगी आहे हे तपासायचा फॉर्म, भरून घेतील, त्यात पहिले ३ कामाचे दिवस महत्त्वाचे, तेवढ्यात तुझी मूळ कागदपत्रं दाखवावी लागतात, म्हणून पासपोर्ट कुठल्या बॅगेत आहे ते आजच बघून ठेव. पुढे दुसरंही काम घेतलंस तर दोन्हींचे तास मिळून २० धरायचे, दोन्हींना वेगवेगळे २० नाही, यात कितीतरी हुशार मुलं फसलीयेत. आणि कामांच्या यादीत जिथे "वर्क-स्टडी" लिहिलं असेल तिथे अर्ज करून वेळ घालवू नकोस, तो तिथल्या सरकारचा निधी असतो, व्हिसावरच्या मुलांना मिळत नाही.

डिश रूममध्ये कायम राहायचं नाहीये हेही लक्षात ठेव. डायनिंगमध्ये मुलं सारखी सोडून जातात म्हणून नव्याला तिथे लगेच घेतात, तिथून एका सेमिस्टरमध्ये स्टुडंट सुपरवायझर होता येतं, तासाचा दरही वाढतो. पहिल्या सेमिस्टरचे मार्क चांगले आले की ज्या प्रोफेसरचा विषय जमलाय त्यांच्या ऑफिस अवर्सला जाऊन ग्रेडरचं, म्हणजे पेपर तपासायचं काम आहे का विचार, मेल टाकून उत्तराची वाट बघत बसू नकोस, समोर जा. लायब्ररीचं सर्क्युलेशन डेस्क, आयटी हेल्पडेस्क ही कामं जुन्या मुलांच्या ओळखीने मिळतात आणि ती जुनी मुलं तुला कुठे भेटणार, तर त्या डायनिंग हॉलच्या शिफ्टवरच! माझं इंग्रजी वर्गात नाही सुधारलं, प्लेटा लावता लावता सुधारलं, आणि आयोवातल्या शेतकऱ्याची एक मुलगी तिथेच भेटली जिच्या घरी मी पहिलं थँक्सगिव्हिंग केलं.

राहिली आई. खोटं बोलू नकोस, आपल्या आयांना आवाजावरून कळतं. माझी आई ४ दिवस बोलली नव्हती आणि पाचव्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं, "तिथे गरम जेवायला मिळतं का?" तेव्हा कळलं की तिला भांड्यांची लाज नव्हती, मी उपाशी असेन आणि कुणी हाडतुड करत असेल ही भीती होती. तुझ्या आईचंही बहुतेक तेच असेल. शिफ्ट संपली की एप्रन घातलेला व्हिडिओ कॉल कर, तुझं ताट दाखव, बरोबरच्या मुलींशी हाय-हॅलो करू दे. बाबांना त्यांच्या गावाकडच्या कुणा ना कुणाची आठवण करून दे, पुण्यात वार लावून जेवलेली, माधुकरी मागून शिकलेली माणसं आपल्या मागच्या पिढ्यांत काही कमी नाहीत. तू तर पगार घेऊन जेवतेयस. हे बाबांना तू सांग, मी सांगून उपयोग नाही.

प्रश्न: कॅम्पसवर काम करतो, एफ-१, दुसरं वर्ष. पे स्टबवर (पगाराच्या पावतीवर) सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे तिथल्या पेन्शनचा आणि म्हातारपणीच्या आरोग्य विम्याचा कर, कापलेलं दिसतंय. मित्राचं कापत नाहीत. बरोबर काय?

उत्तर: मित्राचं बरोबर. एफ-१ वर पहिली ५ कॅलेंडर वर्षं तू टॅक्सच्या दृष्टीने नॉनरेसिडेंट, म्हणजे तिथला रहिवासी नसलेला, असतोस आणि त्या काळात कॅम्पसच्या पगारातून हे दोन कापायचे नसतात, दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात, म्हणजे २०० डॉलरमागे १५ डॉलर ३० सेंट. पेरोल ऑफिसात जा, भांडू नकोस, तू नॉनरेसिडेंट असल्याची नोंद चुकलीये असं सांग आणि कापलेले परत मागायला आधी त्यांनाच सांग, त्यांनी नाही केलं तर मग आयआरएसकडे (तिथलं टॅक्स खातं) परताव्याचा फॉर्म ८४३ भरता येतो. आणि एप्रिलमध्ये टॅक्स रिटर्न भरताना रहिवाशांचा फॉर्म १०४० नाही, नॉनरेसिडेंटचा १०४०-एनआर भरायचा, सोबत विद्यार्थी म्हणून राहिलेले दिवस सांगणारा फॉर्म ८८४३. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना त्यात स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रकमेची सरसकट वजावट, मिळतं, इतर देशांच्या मुलांना सहसा मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्या देशाच्या रूममेटचा फॉर्म बघून आपला भरू नका.

प्रश्न: मी पुण्यात कॉलेजला, बी.ए. दुसरं वर्ष, गाव बीड जिल्ह्यात. कमवा आणि शिका योजनेत नाव दिलंय, बागेचं काम मिळालं. झाडांना पाणी घालताना वर्गातल्या मुली जातात तेव्हा तोंड लपवावंसं वाटतं. सोडून देऊ का?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं. लाज वाटते हे लिहायलाही धीर लागतो, तो तुझ्यात आहे.

ज्या योजनेत तू आहेस तिचा उगम साताऱ्याकडचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवणारं बोर्डिंग चालवलं, पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातलं. मुलं स्वतः राबायची, स्वतः स्वयंपाक करायची आणि शिकायची. संस्थेच्या साताऱ्यातल्या १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही हेच, हातात खोरं आणि संध्याकाळी पुस्तक. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे संस्थेचं वाक्य भिंतीवर लिहायच्या आधी तिथल्या पोरांनी जगून दाखवलंय. तू त्या रांगेतला आहेस.

पण एवढं सांगून तुझं ओशाळलेपण जाणार नाही हेही मला कळतं, १९ वर्षांचं वयच तसं असतं. म्हणून कामाचं बोलते. सोडू नकोस, बदलून माग. कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेट आणि लायब्ररीत, ऑफिसात किंवा लॅबमध्ये जागा झाली की माझं नाव घ्या असं अर्ज करून ठेव. तोवर बागेचं काम सकाळी लेक्चरच्या आधी करता येईल का विचार, झाडांनाही ते बरं. हजेरीच्या वहीत रोजच्या रोज तास लिहून सही घेत जा आणि स्वतःजवळही एक नोंद ठेव, कारण मानधन उशिरा येतं, दोन-दोन महिने थांबतं, आणि तेव्हा वहीतली सही नसली की तास गेले समज. मेसचे पैसे त्यावर अवलंबून असतील तर मेसवाल्या काकांना आधीच सांगून ठेव.

आणि त्या मुलींपैकी एखादी थांबली आणि काही विचारलं तर झाडाचं नाव सांग. माहीत नसेल तर माळीकाकांना आजच विचारून ठेव.