बफरला वीज ३.३ व्होल्टची की ५ व्होल्टची?

प्रश्न : आमच्या तासगावच्या द्राक्षबागेत जमिनीतील ओलावा दाखवण्यासाठी मी ईएसपी३२ हा छोटा नियंत्रक (मायक्रोकंट्रोलर) बोर्ड आणि मॅक्स७२१९ चिपवरचा आकडे दाखवणारा फलक जोडला आहे. मधे ७४एचसी२४५ हा बफर, म्हणजे बोर्डाचे संकेत फलकापर्यंत पुढे पोहोचवणारी चिप, आहे. घरी टेबलावर सर्व नीट चालते, पण बागेत मोटार सुरू होताच आकडे बिघडतात. बफरला ३.३ व्होल्ट द्यावेत की ५, याबाबत मतभेद आहेत. योग्य काय?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : या बफरला दोन्हींपैकी कोणताही पुरवठा दिला, तरी आपली अडचण सुटणार नाही, कारण दोष पुरवठ्याइतकाच चिपच्या जातीत आहे. ईएसपी३२ च्या पिनेवर ‘एक’ या संकेतासाठी फार तर ३.३ व्होल्ट मिळतात, तर मॅक्स७२१९ ला तोच संकेत ओळखण्यासाठी किमान ३.५ व्होल्ट लागतात. बफर ३.३ व्होल्टवर चालवला, तर त्याच्या बाहेर पडणारा संकेतही ३.३ व्होल्टच्या वर जात नाही, म्हणजे तो मधे बसवून काहीच साधले नाही. ५ व्होल्टवर चालवला, तर एचसी जातीची चिप पुरवठ्याच्या साधारण ७० टक्के, म्हणजे पुन्हा ३.५ व्होल्ट, मागते. प्रत्यक्षात ती बहुधा अडीच व्होल्टांच्या आसपासच पालटते, म्हणून टेबलावर सर्व सुरळीत दिसते. मात्र उत्पादक ज्याची हमी देतो ती मर्यादा आपण पाळलेली नसते, आणि मोटारीच्या स्विचने तारांवर विजेचा गोंगाट (नको असलेले चढउतार) उठला की पुरेसा वाव उरत नाही.

आपण ७४एचसीटी२४५ घ्यावा. नावात एकच अक्षर अधिक आहे, पण त्याला २ व्होल्ट आले तरी तो ‘एक’ मानतो आणि बाहेर जवळपास पूर्ण ५ व्होल्ट देतो. त्याचा पुरवठा ४.५ ते ५.५ व्होल्टच्या आतच असला पाहिजे, आणि तो वीजसंचाच्या तोंडाशी न मोजता, मोटार सुरू होत असताना चिपच्या पिनांवर मोजावा, कारण बागेतील लांब, बारीक तारेत काही व्होल्ट सहज गळतात. पुरवठ्याच्या पिनेलगत ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर हवाच. न वापरलेल्या इनपुट पिना ग्राउंडला (पुरवठ्याच्या शून्य व्होल्टच्या तारेला) जोडाव्यात, त्या मोकळ्या सोडू नयेत.

आणखी एक काळजी घ्यावी. ईएसपी३२ सुरू आणि बफरचा पुरवठा बंद, अशी स्थिती येऊ देऊ नये, कारण तेव्हा इनपुटमधील संरक्षक डायोडमधून वीज उलट वाटेने बफरच्या पुरवठ्यात शिरते. ३.३ व्होल्ट त्याच ५ व्होल्टच्या पुरवठ्यापासून तयार केल्यास हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

पुढे ५ व्होल्टच्या सेन्सरकडून संकेत परत वाचायचे असतील, तर एचसीटी चालणार नाही, कारण तो ईएसपी३२ वर ५ व्होल्ट लादील. तिथे दोन पुरवठ्यांचा ७४एलव्हीसी८टी२४५ वापरावा. त्याच्या ए बाजूला ३.३ आणि बी बाजूला ५ व्होल्ट द्यावेत. दिशा ठरवणारी पिन ए बाजूच्या व्होल्टेजनुसार चालते, म्हणून ती ईएसपी३२ ला थेट जोडता येते.