विदर्भात मोठे पतंग (मॉथ) फोटोसाठी कुठे मिळतील?

आपण विचारले आहे की पावसाळ्यात विदर्भात येऊन मोठ्या पतंगांचे फोटो काढायचे असतील तर कोणता दिवा आणावा, कोणत्या जंगलात लावावा आणि ॲटलस पतंग दिसेल का. ॲटलस येथे दिसेल अशी आशा धरू नका. तो मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याचा आणि ईशान्य भारताचा रहिवासी आहे. आमच्याकडचा मोठा पतंग म्हणजे टसर रेशमाचा, ज्याच्या कोशाला आम्ही कोसा म्हणतो. त्याचे पंख पसरले की सहा इंच सहज भरतात.

दिव्याचा विचार नंतर करा, आधी झाड ओळखा. येन (ऐन) आणि अर्जुनाच्या फांद्यांवर कठीण देठाने लोंबणारा राखाडी कोसा दिसला की पतंग तेथेच निघणार, हे ठरलेले आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या पट्ट्यात ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यानपिढ्या या झाडांवर कोसा घेत आली आहेत आणि पतंगांविषयी त्यांना जे कळते ते हजारो रुपयांच्या लेन्सला कळत नाही. माझे मामा त्यांच्यापैकीच.

त्यांच्याकडे एकदा शहरातून एक छायाचित्रकार आले होते. बियाण्यासाठी, म्हणजे पुढच्या पिकाच्या अंड्यांसाठी, राखलेल्या कोशांच्या माळा पडवीत टांगलेल्या होत्या. दिवेलागणीला एका कोशाच्या टोकाशी ओला डाग उमटला, कारण पतंग आतून पाझर सोडून रेशमाचे धागे सैल करतो. मग पुढचे पाय बाहेर आले आणि ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले पंख घेऊन मादी माळेलाच लटकून राहिली. हळूहळू पंख भरत गेले आणि प्रत्येक पंखावरचा गोल ठिपका आरपार दिसेल इतका स्वच्छ झाला. फोटो होता तो हाच. पण पाहुण्यांना पार्श्वभूमी आवडली नाही. त्यांनी कोणाला न विचारता ती मादी डब्यात घालून रात्रभर बर्फात ठेवली आणि सकाळी गारठलेल्या अवस्थेत झेंडूच्या फुलावर बसवली. मामा एवढेच म्हणाले, "भाऊ, हिले त तोंडच नाही, थे काय पेईन?"

टसरच्या प्रौढ पतंगाला खाण्यापिण्याचे तोंड खरोखरच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात जोडी जुळून अंडी घालून मोकळा होतो. त्या मादीची अंडी तर गेलीच, पुढे तोच फोटो "मकरंद प्राशन" या मथळ्याखाली एका प्रदर्शनात बक्षीस घेऊन आला. मी त्यांना चूक कळवली, तेव्हा "बघणाऱ्याला काय कळते, चित्र सुंदर आहे ना" असे उत्तर मिळाले. माझे मत तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे: जिवाला गारठवून, त्याच्या जगण्यात नसलेल्या जागी बसवून काढलेला फोटो खोटा आहे, आणि त्याला निसर्गछायाचित्र म्हणू नये.

म्हणून जूनअखेर-जुलैत किंवा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात या, एखाद्या कोसा उत्पादकाची रीतसर परवानगी घ्या, त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि माळांना हात लावू नका, कारण हातावरून रोग पसरला तर त्याचे पीक बुडते. मादी निघालेल्या जागीच बसून गंध सोडते आणि रुंद पिसासारख्या मिशांचे नर रात्री आपणहून तिच्याकडे येतात. सकाळी उजाडल्यावरही जोडी जागेवर असते, म्हणजे नैसर्गिक उजेडात निवांत काम करता येते. मोईच्या झाडाजवळ नशीब असेल तर फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथही सापडेल.

दिवा अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र माझे म्हणणे नाही. हॉकमॉथ या वेगाने उडणाऱ्या, जाड अंगाच्या पतंगांसाठी पांढरी चादर आणि पाऱ्याचा दिवा अमावास्येच्या आसपासच्या ढगाळ, उबदार रात्री चांगला चालतो. फक्त तो गावातल्या अंगणात लावा. आरमोरी-ब्रह्मपुरीकडे वाघ शेतापर्यंत येतात, आणि वनक्षेत्रात रात्री थांबायला वनविभागाची परवानगी लागते.