फीवर पिच म्हणजे नक्की कुठलं पिच?

प्रश्न: मॅचच्या इंग्लिश कॉमेंट्रीत सारखं ऐकू येतं, एक्साइटमेंट हॅज रीच्ड फीवर पिच. मला वाटायचं खेळपट्टीबद्दल काहीतरी चाललंय, पण परवा निवडणुकीच्या बातमीत पण तेच, तिथे कसलं आलंय पिच? आणि सोसायटीच्या गणपतीचा रिपोर्ट इंग्लिशमधे लिहायचाय, आय वॉज अ‍ॅट फीवर पिच असं टाकलं तर चालेल का?

उत्तर: खेळपट्टीचा काही संबंध नाही हो. हे पिच म्हणजे पातळी, गाण्यात सुराचं पिच म्हणतात ना त्यातलंच, आणि फीवर म्हणजे ताप चढावा तशी अवस्था. गोंधळ व्हायला कारण आहे, इंग्लंडात फुटबॉलच्या मैदानालाही पिच म्हणतात आणि लेखक निक हॉर्नबीने १९९२ मधे आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या वेडापायी काय काय केलं त्यावर पुस्तक काढलं त्याचं नावच मुद्दाम फीवर पिच, दोन्ही अर्थ लागू. आपण उत्सुकता शिगेला पोहोचली म्हणतो (शीग म्हणजे मापाच्या काठावर चढलेली धान्याची रास, हल्ली माप कोण बघतंय म्हणा) तेच हे.

आता वापर कुठे? २९ जून २०२४ ची बार्बाडोसची टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल आठवा, शेवटच्या ओव्हरला साउथ आफ्रिकेला १६ हवेत, स्ट्राइकवर मिलर, हार्दिक रनअपला निघालाय आणि घरात कोणी जागेवरून हलायचं नाही अशी तंबी, ते फीवर पिच. मग सूर्याने बाउंड्रीवर तो कॅच घेतला, आपण ७ रन्सनी जिंकलो आणि लोक रस्त्यावर नाचायला लागले ते ओव्हर द मून, म्हणजे आनंद गगनात मावेना. एक ताणलेलं असताना, दुसरं निकाल लागल्यावर. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर टीमच्या बसची वाट बघत गर्दी तासन्‌तास उभी, तिथे परत फीवर पिच. नुसता आनंदच पाहिजे असंही नाही, राग, तणाव, अफवा, सगळं चढतं तिथवर, म्हणून तर निवडणुकीच्या बातमीत दिसलं.

तुमच्या रिपोर्टचं म्हणाल तर आय वॉज नको. हे सहसा माणसाला लावत नाहीत, त्या उत्साहाला किंवा वातावरणाला लावतात. एक्साइटमेंट रीच्ड फीवर पिच अ‍ॅज द प्रोसेशन बिगॅन, असं करा. मधे अ घातला, रीच्ड अ फीवर पिच, तरी चालतं, अमेरिकन लोक बरेचदा घालतात. स्वतःबद्दलच सांगायचं असेल तर सरळ आय वॉज थ्रिल्ड लिहून मोकळे व्हा.