कोल्हापुरात मुलांसाठी कराटे, तायक्वांदो, ज्युदो की तालीम? क्लास कसा पारखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ८ वर्षांचा, मुलगी १३ ची, घर राजारामपुरीत. कोणता प्रकार लावावा आणि क्लास चांगला की नुसता पाटीचा, हे कसं ओळखावं?

कराटे की तायक्वांदो हा प्रश्न नंतरचा. आधी शिकवणारा बघा, आणि पोरं जिथे पडणार ती जमीन बघा. ट्रायलच्या दिवशी सगळेच गोड बोलतात, म्हणून एखाद्या मधल्या वारी न कळवता जा आणि कोपऱ्यात तासभर बसा. ‘पालकांनी आत बसायचं नाही’ असा नियम कायमचा असेल, तर चप्पल घालून परत फिरा.

पहिल्या पंधरा मिनिटांतच बरंच कळतं. पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या पाठीवर सर दाब देतात का? मांडीवर पाय ठेवून स्प्लिट ‘उघडतात’ का? असं केल्याने जांघेतला स्नायू फाटू शकतो आणि मग मूल बरेच दिवस नीट धावू शकत नाही. ताण अंग तापल्यावर, मुलाने स्वतः द्यायचा असतो. वीस-तीस सेकंद धरायचा आणि दुखायला लागायच्या आत सोडायचा. सिमेंटवर मुठी टेकवून जोर काढायला लावणं ही दुसरी धोक्याची खूण. या वयात हाडांच्या टोकाची वाढ चालू असते, तो भाग नाजूक असतो. त्याने हात ‘पक्का’ होत नाही, मनगट तेवढं दुखतं. उशिरा आला म्हणून शंभर बैठका काढायला लावणारा माणूस कडक असेलही, पण त्याला शिस्त आणि शिक्षा यांतला फरक कळलेला नाही.

मग पडणं बघा. ज्युदोत तर सुरुवातच पडण्यापासून होते, पण कराटे-तायक्वांदोतही मूल पडणारच. नीट शिकवलेलं मूल मागे पडताना हनुवटी छातीला लावतं आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली करून जमिनीवर आपटतं. न शिकवलेलं मूल हात मागे टेकवून स्वतःला सावरायला जातं आणि मनगट किंवा कोपर मोडून घेतं. पहिल्या महिन्यात बसून पडणं, मग उकिडवं, मग उभ्याने, असा क्रम दिसला तर शिक्षक जाणकार आहे. पहिल्याच आठवड्यात एकमेकांना उचलून आपटत असतील तर नाही.

मॅटवर टाचेने जोरात दाबा. कराटे-तायक्वांदोला २०-२५ मिलिमीटरची जोडाजोडीची मॅट चालते. ज्युदोला साधारण ४० ची आणि घट्ट लागते. टाच खाली फरशीला टेकली तर त्या मॅटवर उचलून टाकणं नको. जोडांत फट असेल तर पायाचं बोट अडकतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मॅट वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात मुद्दाम जा: वास येतो का, पुसतात का, पुसल्यावर सुकू देतात का. गजकर्ण एकाला झालं की बघता बघता चौघांना होतं.

आठ वर्षांच्या पोरांना एका शिक्षकामागे दहा-बारापेक्षा जास्त नकोत. जास्त असतील तर सोबत मोठं माणूस हवं, नुसता ब्राऊन बेल्टवाला नववीतला पोरगा नव्हे. जोड्या लावताना वय नाही, वजन आणि उंची बघतात का ते बघा. डोक्याला लागून मूल गरगरलं, उलटी झाली किंवा डोकं दुखायला लागलं, तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. ‘तोंडावर पाणी मार आणि उभा राहा’ हे ऐकू आलं तर पुढचं बघायची गरज नाही.

आता बेल्ट. फसवणूक जास्त इथेच होते. तायक्वांदोत काळ्या पट्ट्याआधी दहा पायऱ्या (गुप) असतात. दर तीन महिन्यांनी एक धरली तरी अडीच वर्षं जातात. ‘वर्षात ब्लॅक बेल्ट’ म्हणणाऱ्याला हा हिशोब विचारा. शिवाय १५ वर्षांखालच्या मुलाला कुक्कीवॉनकडून (तायक्वांदोचे पट्टे प्रमाणित करणारी कोरियातली संस्था) ‘डान’ म्हणजे मोठ्यांच्या काळ्या पट्ट्याची पायरी नाही, ‘पूम’ ही मुलांची पायरी मिळते; तो पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. कराटेत शैलीगणिक रंगांचा क्रम बदलतो, म्हणून शैली कोणती आणि परीक्षा कोण घेतं हे आधी विचारा. महिन्याच्या फीवर जाऊ नका, वर्षाचा आकडा मागा: प्रवेश, गणवेश, वर्षाच्या परीक्षा गुणिले परीक्षा फी, पट्टा, प्रमाणपत्र, स्पर्धा, शिबिर. परीक्षेत कोणी कधी नापास होतं का, हेही विचारा. उत्तर ‘आमच्याकडे सगळे पास’ असेल तर ती परीक्षा नाही, पावती आहे.

दहावी-बारावीच्या क्रीडागुणांवर डोळा असेल तर ‘इंटरनॅशनल ओपन’ छाप स्पर्धांची मेडलं मोजू नका. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. त्या खेळाची कोणती प्रमाणपत्रं धरली जातात, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, क्लासवाल्याला नको.

मुलासाठी माझी पसंती ज्युदो किंवा कुस्ती. या वयात पडणं, पकड आणि तोल शिकला तर पुढे कशातही उपयोगी पडतं, आणि डोक्यावर ठोसे-लाथाही बसत नाहीत. मात्र गळा आवळणं, सांधा पिळणं आठ वर्षांच्या पोराला शिकवत असतील तर उठा. कोल्हापुरात असून तालीम न बघता मॉलमधल्या क्लासला जाणं म्हणजे गंमतच, पण वस्तादांना सरळ विचारा की लहान पोरांची वेळ वेगळी आहे का. मोठ्या पठ्ठ्यांच्या हौद्यात (कुस्तीच्या मातीत) आठ वर्षांचं पोर नुसतं माती अंगाला लावून येतं. पुढे मॅटवरच्या स्पर्धा खेळायच्या असतील तर मातीसोबत मॅटचा सरावही हवा. खशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं तेही मॅटवरच.

मुलीसाठी तायक्वांदो, ज्युदो किंवा मर्दानी खेळ, म्हणजे लाठी-दांडपट्ट्याची आपली जुनी युद्धकला. महिला कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, पण सगळ्याच तालमींत मुलींची सोय नसते. स्त्री प्रशिक्षक आणि कपडे बदलायची वेगळी खोली आहे का ते आधी बघा. मर्दानी खेळात लाठी फिरवताना दोघींमध्ये दोन लाठ्यांचं अंतर हवं. दांडपट्ट्याचं पातं लवलवतं आणि उलटून फिरवणारीलाच लागतं, म्हणून लाठी हातात पक्की बसल्याशिवाय दांडपट्टा नको. स्वसंरक्षण हाच हेतू असेल तर दोन दिवसांच्या शिबिराने काही उरत नाही. मनगट सोडवणं समोरची खरंच घट्ट धरते तेव्हा जमतं का, हे दर आठवड्याला करून बघावं लागतं. ओरडणं आणि पळणं हेही त्याच सरावात.

पहिल्या महिन्यात गणवेश सोडून काही घेऊ नका. जोडीचा सराव सुरू झाला की आधी दातांचं गार्ड, मुलाला जांघेचं गार्ड, मग नडगीचं. गणवेश एक माप मोठा घ्या आणि पँटचे पाय आतून दुमडून शिवा. खाली लोंबलं तर पाय अडकतो.

आणि खुराक. आठवड्यातून तीनदा तासभर खेळणाऱ्या पोराला पैलवानाचं दूध-बदाम-तूप लागत नाही, भाकरी-भाजी-वरण पुरतं. मॅचआधी वजन उतरवायला पाणी तोडायला सांगणारा कोणी भेटला, तर त्या वजनगटाचा नाद सोडा आणि पोराला वरच्या गटात खेळू द्या.